खळबाईचं तारू

...आणि ती भिंत पडली, ती नेमकी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेच्या ऐन मध्यावर. काल इथवर सांगून मी उठलो, तर तुम्ही माझी बाही धरून म्हणालात, भिंत पाडून कुठे निघालात. मग ऐका.

बायबलातल्या यरीहोची भिंत, बुटांच्या रिकाम्या खोक्यांची. चर्चच्या मागच्या खोलीत जमिनीपासून खिडकीपर्यंत रचलेली. पोरांनी तिच्याभोवती सात फेऱ्या मारायच्या, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आणि सातवी फेरी संपली की जीव खाऊन ओरडायचं. आता ती खोली आणि आमचा उपासनेचा हॉल यांच्यामध्ये एकच दार, तेही फुगलेलं, कधीच पुरतं न लागणारं. इकडे पाळकसाहेब डोळे मिटून म्हणताहेत, "प्रभू, आमच्या अंतःकरणांना शांती दे," आणि तिकडून पोरांची आरोळी, मागोमाग खोक्यांचा धडधडाट. पुढच्या बाकावरच्या एक आजीबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, शेवटचा दिवस आला आणि त्या तयार होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या सुताराला हसू दाबता दाबता असा ठसका लागला, की त्याला बाहेर न्यावं लागलं. पाळकसाहेब प्रार्थना अर्धी टाकून मागच्या खोलीकडे गेले. आम्ही कान टवकारले. आता बाईंची खरडपट्टी निघणार! तर आतून साहेबांचाच आवाज आला, "बाई, पुढच्या वेळी आधी सांगत जा. मीसुद्धा ओरडायला येईन."

असा तो पाळक. पुढे त्यांची बदली झाली, आणि त्या खोलीवरचं छप्परच गेलं म्हणा. पण ते मागाहून.

या बाईंना सगळे खळबाई म्हणायचे. नाव पोरांनी ठेवलेलं. रविवारी पहाटे उठून त्या पातेलंभर पीठ शिजवून खळ करायच्या आणि ते पातेलं फडक्यात गुंडाळून, पोटाशी धरून चर्चला यायच्या. तान्हं मूल आणावं तसं. कुणीतरी म्हणालं, बाई, दुकानात डिंकाच्या बाटल्या मिळतात की! तर म्हणाल्या, "डिंक पोरं चाटतात आणि आजारी पडतात. माझी खळ चाटली तर निदान पोटाला आधार होतो."

सोमवार ते शनिवार बाई शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या. दिवसभर कापडाला भोकं पाडायची आणि त्यांच्या कडा शिवायच्या. मान इतकी वाकलेली, की त्यांच्याशी बोलताना त्या आपल्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी बोलताहेत असं वाटायचं. कारखान्यातली मोठी काळी कात्री पिशवीत घालून शनिवारी घरी न्यायच्या, रविवारी चर्चला आणायच्या, सोमवारी परत कारखान्यात. नवरा बुटांच्या दुकानात. तो म्हणायचा, "आमच्या घरात माझ्या पायाला धड बूट नाही, पण खोकी विचाराल तर राजवाडा बांधून देतो." पोरबाळ नव्हतं. ते दुःख दोघांनी कधी कुणापुढे मांडलं नाही. विषय निघाला की तो खोकी मोजायला लागायचा आणि ही कात्री शोधायला.

आता तारवाबद्दल सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

मागच्या खोलीत भिंतीशी एक नोहाचं तारू होतं, बायबलातल्या जलप्रलयात प्रत्येक प्राण्याची जोडी वाचवणारं ते. खोक्यांचंच, पण खोक्यावर खोकं चढवून, कागदाचे थर देऊन असं टणक केलेलं, की एखादं पोर आत बसावं. त्यातली जनावरं पोरांनी केलेली, आणि ती करायची बाईंची एक रीत होती. प्रत्येक जनावराची जोडी दोन पोरांनी करायची, एकानं या कोपऱ्यात, दुसऱ्यानं त्या कोपऱ्यात, एकमेकांकडे न बघता. मग काय विचारता! एक हत्ती मांजराएवढा, त्याची हत्तीण उशीएवढी. एक मोर हिरवा, त्याची लांडोर काडेपेटीची, तिच्यावर अजून काडेपेटीचं चित्र. एका वाघाला पोराच्या हट्टापायी चष्मा. सगळ्या जोड्या विजोड. बाई त्या शेजारी शेजारी ठेवून म्हणायच्या, "झाली जोडी. लग्नात तरी आणखी काय असतं?" आणि एकदा तारवात गेलेलं जनावर बाहेर काढायचं नाही. पोर मोठं होऊन कुठं का जाईना, त्याचं जनावर इथंच. बाहेरगावी नोकरीला गेलेली, मिशा फुटलेली माणसं सुटीत यायची आणि बाकावर न बसता आधी मागच्या खोलीत जाऊन आपली गाय शोधायची. मी पाहिलंय.

मग खेळ. पोरांचे डोळे फडक्यानं बांधायचे आणि कानात जनावर सांगायचं. प्रत्येकानं आपापला आवाज काढत जोडीदार शोधायचा. म्हैस म्हशीला, बेडूक बेडकाला. नुसता कल्लोळ! जोडी जमली की तारवात शिरायचं, म्हणजे तारवापुढं खडूनं आखलेल्या चौकोनात. सगळे शिरले की बाई विचारायच्या, "आता दार कोण लावणार?"

पोरं एका सुरात ओरडायची, "देव!"

"आणि आपण?"

"वाट बघायची!"

कारण शास्त्रात तसंच आहे म्हणायच्या. नोहानं तारू बांधलं, जनावरं भरली, सगळी मेहनत त्याची, पण दार काही त्यानं लावलं नाही. ते देवानं लावलं. म्हणून त्यांच्या तारवाला कडी नव्हती, खिट्टी नव्हती. नुसती एक चौकट.

आणि वाट बघायची ती बहुतेक एकाच पोराची. त्याची आई दवाखान्यात रात्रपाळीला नर्स. ती सकाळी घरी यायची, मग त्याला आंघोळ घालून पाठवायची. हा दर रविवारी उशिरा. केस ओले, शर्टाची बटणं वरखाली. तारवातली पोरं आतून कोकलायची, "बाई, सुरू करा ना! तो मेला बुडून!" बाई हलायच्या नाहीत. दारात उभ्या. तो धापा टाकत आला की त्याचा हात धरून आत घ्यायच्या, बटणं नीट लावायच्या, आणि मगच पाऊस सुरू. त्यानं जनावर केलं उंट. पाठीवर तीन मदारी असलेला. "तिसरी कशाला रे?" विचारलं तर म्हणाला, "उशीर झाला तर पाणी पुरलं पाहिजे." त्या दिवसापासून तो उंट झाला. कौतुकाचं नाव हो. बाईंनी डोक्यावरून हात फिरवून ठेवलेलं.

हाच उंट पुढे शिकला, चांगल्या कंपनीत साहेब झाला, आणि आमच्या चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी झाला. पोरगा हुशार. हिशेब चोख, इंग्रजी झोकात. जुने पाळक गेल्यावर नवे आले ते भले गृहस्थ, पण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, "कमिटीला विचारा." आणि कमिटी म्हणजे सेक्रेटरी.

बाईंचं मागणं एकच होतं. एक फळी. जनावरं इतकी झाली होती, की तारवात मावेनात. खालची दबून मरत होती. हत्तीखाली ससे चपटे झालेले. भिंतीला एक लांब फळी ठोकून द्या, म्हणजे तारू वर ठेवून वाढवता येईल, खाली पोरांना बसायला जागा होईल. जुन्या पाळकांपासून हे मागणं चाललेलं. माझ्या शेजारचा सुतार म्हणाला होता, मी फुकट ठोकून देतो. पण चर्चच्या भिंतीला खिळा मारायचा तर कमिटीची परवानगी हवी, आणि कमिटी म्हणे, विषय पुढच्या बैठकीत घेऊ.

तर एक दिवस बाहेरून मोठे पाहुणे आले होते. सेक्रेटरी त्यांना सगळं दाखवत हिंडत होता. कोट, टाय, हातात फाईल. मागच्या खोलीच्या दाराशी आले तर बाई खळीनं कोपरापर्यंत माखलेल्या. पाहुण्यांसमोर, सगळ्या पोरांसमोर, भोळेपणानं विचारून बसल्या, "अरे उंटा, माझ्या फळीचं काय झालं?"

पोरं खिदळली. एक पाहुणे हसून म्हणाले, "उंट? का बरं?" आणि बाईंनी हात पुसले आणि तारवात खोल हात घालून तो तीन मदारींचा उंट काढून दाखवला! वर सांगितलं, "बटणंसुद्धा मीच लावायची याची."

सेक्रेटरी हसला. दातांनी हसला. बाईंना वाटलं, पोराला आनंद झाला. खरं सांगतो, मला त्याचे कान दिसत होते, आणि ते कान हसत नव्हते. घरी येऊन मी आमच्या हिला म्हटलं, बाईंनी आज उंटाच्या पाठीवर काडी ठेवली. ती म्हणाली, "मोठ्या झालेल्या माणसाला त्याचं लहानपण चारचौघांत दाखवू नये. न्हाणीघरात शिरल्यासारखं होतं."

पण त्यानंतर थोड्याच दिवसांत खोलीत दोन माणसं आली, हातात टेप. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मापं घ्यायला लागली. बाईंचा चेहरा असा फुलला म्हणता! धावत जाऊन टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. "जरा खाली घ्या हो, पोरांचे हात पुरले पाहिजेत." माणसं म्हणाली, हो बाई. "कोपऱ्यात खिळा नको, तिथं ओल येते." हो बाई. त्यांना काय, पगारी माणसं. बाई ते टोक भिंतीला अंगठ्यानं दाबून उभ्या, आणि पोरांना सांगताहेत, "बघा, मागत राहिलं की मिळतं."

मग बाईंनी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. चर्चला पन्नास वर्षं होणार होती, मोठा कार्यक्रम. सेक्रेटरीनं निरोप पाठवला, की त्या दिवशी तुम्हाला व्यासपीठावर बोलावणार आहोत. बाईंनी अर्थ लावला, तारू एकदाचं त्या फुगलेल्या दारातून हॉलमध्ये येणार. त्यांच्या मनात ते फार वर्षांपासून होतं. मोठ्यांनी एकदा बघावं, बस. कारखान्यातून आल्यावर जनावरं दुरुस्त करत बसायच्या. चपटे ससे वाफेवर धरून फुगवले. वाघाचा चष्मा बदलला. नवरा म्हणाला, "आमच्या लग्नाला इतकी तयारी नव्हती." तर म्हणाल्या, "लग्नाला दोघंच होतो. इथे सगळी सृष्टी आहे."

कार्यक्रमाच्या सकाळी बाई सगळ्यांच्या आधी हजर. घंटा वाजवायचं काम माझ्याकडे, त्यामुळे मी तेव्हा दोरीपाशीच होतो. मागच्या खोलीत गेल्या तर तारू जागेवर नाही, भिंतींना नवा रंग, आणि माणसं काहीतरी झाकलेलं आत नेताहेत. सेक्रेटरी म्हणाला, "बाई, आज काही विचारायचं नाही. आज तुमच्यासाठी सरप्राईज आहे." बाईंनी खरोखर तोंडावर बोट ठेवलं, शाळेतल्या पोरीसारखं. खांद्यावरची पिशवी तिथंच कोपऱ्यात ठेवली आणि हॉलमध्ये येऊन बसल्या.

व्यासपीठावर नोहाचं तारू होतं. पण ते फ्लेक्सवर छापलेलं, भिंतभर. सगळे प्राणी एका मापाचे, गोंडस, जोडीतला डावा बघून उजवा काढलेला. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या बाजूच्या पडद्याकडे. त्यांना वाटत होतं, त्यांचं तारू त्या पडद्यामागे आहे. भाषणं चालू झाली, गाणी झाली, आणि प्रत्येक वेळी कुणी पडद्याजवळून गेलं, की बाई बाकावर अर्ध्या उठायच्या.

मग सेक्रेटरीनं त्यांना वर बोलावलं.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवतो, कुठल्याही संस्थेत उपयोगी पडेल. माणसाला काढून टाकायचं असलं, तर हुशार लोक त्याचा अपमान करत नाहीत. सत्कार करतात. अपमान झालेला माणूस भांडतो. सत्कार झालेल्यानं काय करायचं? त्याचे दोन्ही हात भरलेले असतात. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त इथे आवळ्याला सोनेरी चौकट होती.

तर चौकट दिली, काच लावलेली, आत सुंदर अक्षरात मजकूर. सेक्रेटरी माइकवर छान बोलला. खोटं एकही वाक्य नव्हतं, हीच तर मेख. बाईंनी आपल्याला घडवलं म्हणाला. बाईंनी आयुष्य दिलं म्हणाला. आणि मग म्हणाला, "आता आपण त्यांच्यावर आणखी भार टाकणं बरं नाही. बाईंना विश्रांती द्यायची वेळ आली आहे. पुढच्या रविवारपासून मुलांचा वर्ग याच हॉलमध्ये पडद्यावर चालेल, आणि मागच्या खोलीत आपलं सुसज्ज ऑफिस सुरू होत आहे."

टाळ्या. मीही वाजवल्या असतील, हात सवयीचे असतात.

बाई माइकपाशी गेल्या. मान खाली असल्यामुळे आधी काही ऐकूच आलं नाही. कुणीतरी माइक खाली केला. तेव्हा ऐकू आलं, "म्हणजे मी पुढच्या रविवारी यायचं नाही?"

सेक्रेटरी हसत हसत माइकमध्ये म्हणाला, "अहो बाई, यायचं नाही कसं? उपासनेला यायचं! पुढचा बाक तुमच्यासाठी राखून ठेवलाय!"

हॉल हसला. पुन्हा टाळ्या. पोरांच्या बाकावरून एक मुलगी उठून मोठ्यांदा म्हणाली, "मग आमची खळ कोण करणार?" तिच्या आईनं तिला खाली ओढलं.

कार्यक्रम आटोपला, लोक खायला-प्यायला अंगणात गेले. बाई मागच्या बाजूला निघाल्या. जाताना त्यांनी ती चौकट माझ्या हातात कोंबली, "काका, धरा हे, माझे हात ओले आहेत." हात कोरडे होते. मी मागोमाग गेलो.

जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी, तारू उलटं ठेवलेलं होतं. तळ वर. त्याच्या चौकटीत कुणीतरी झाडू आणि पोछे खोचून ठेवले होते, जागा चांगली सापडली म्हणून. जनावरं दोन पोत्यांत. एका पोत्याच्या तोंडातून वाघाचा नवा चष्मा दिसत होता. मी म्हटलं, आता बाई रडतील. रडल्या नाहीत. झाडू काढले, भिंतीला नीट उभे केले. वाकून पोत्यात हात घातला, काहीतरी चाचपलं, आणि हात रिकामाच बाहेर काढला. मग पुढे गेल्या.

मागच्या खोलीला नवं दार होतं. फुगलेलं नव्हे. गुळगुळीत, बेमालूम लागणारं. त्याला पितळी कुलूप. बाईंनी ते हातात घेतलं, वळवून पाहिलं, आणि सोडून दिलं. ते दारावर आपटलं.

आवाज ऐकून सेक्रेटरी आला. हातात खाण्याची बशी. एकटा होता, आणि एकटा असला की तो बराचसा पूर्वीचा दिसायचा. आम्हाला बघून घुटमळला.

"बाई, तुम्ही खायला नाही आलात?"

बाई त्या हलणाऱ्या कुलपाकडे बघत होत्या.

"बाई, रागावलात का? अहो, जग पुढे गेलंय. आता पोरं पुठ्ठ्यात रमत नाहीत. त्यांना स्क्रीन लागते."

"मघाशी ती मुलगी काय म्हणाली, ऐकलंस?" हे मी विचारलं, बाईंनी नव्हे.

"काका, तुम्ही नका मध्ये पडू." मग पुन्हा बाईंकडे वळून, आवाज उतरवून, "ती मापं फळीची नव्हती... ऑफिसची होती. ती माणसं चुकून आधी आली. मी तुम्हाला सांगणारच होतो. मग तुम्ही इतक्या खुशीत होतात, की..." त्यानं बशीतलं काहीतरी उचललं आणि परत ठेवलं. "आणि हे कुलूप काही तुम्हाला अडवायला लावलेलं नाही. खरंच नाही. आत कॉम्प्युटर आहे. तुम्हाला कधीही काही लागलं तर किल्ली माझ्याकडे मागायची, मी स्वतः येऊन उघडून देईन. मनाला लावून घेऊ नका."

बाईंनी मान वर केली. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाच्या डोळ्यांशी बोलताना प्रथमच पाहिलं. आवाज चढवला नाही. वर्गात बोलायच्या तसंच, सावकाश, एकेक शब्द पोराच्या हातात ठेवल्यासारखं बोलल्या:

"मला अडवायला नाही लावलंस, ते कळतं मला. तारवाचं दारसुद्धा आतल्यांना पाणी लागू नये म्हणूनच लावलं होतं. पण ते देवानं लावलं, उंटा. तू यायच्या आधी मी ते एकदाही लावलं नाही. आता मला खोली नको, बाकही नको. आत कोपऱ्यात माझी पिशवी आहे, तिच्यातली कात्री तेवढी काढून दे. ती कारखान्याची आहे, आणि उद्या सोमवार आहे."